घरचें दप्तर आणि बिनतारी वाट

पूर्वीं घराण्याचें दप्तर माजघरांतील शिसवी पेटींत असे. खरेदीखतें, जन्मपत्रिका, हिशेबाच्या वह्या असा सारा संसार एका कुलपाखालीं राही आणि किल्ली वडील माणसाच्या कनवटीस. आज तें दप्तर विखुरलें आहे. एकाचीं छायाचित्रें त्याच्या मोबाईलमध्यें, दुसऱ्याचे कागद त्याच्या संगणकांत. आणि मोबाईल एकदां विहिरींत पडला कीं घराण्याचीं दहा वर्षें त्याबरोबर बुडतात. हें सारें एकत्र ठेवण्यासाठीं आतां जी नवी पेटी मिळते, तिला ‘नॅस’ म्हणतात. तींत बहुधा दोन हार्ड डिस्क असतात व घरांतील सर्वांस ती वाय-फायवरून उघडतां येते. ती जोडतांना मीं ज्या चुका केल्या त्या सांगाव्या, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें आमचें जुनें घर आहे. दगडमातीच्या भिंती दीड हात रुंद. चिरंजीवांनीं पुण्याहून पेटी पाठविली. मीं ती आंतल्या खोलींतील कोनाड्यांत ठेविली, वीज दिली आणि मोबाईलवर वाय-फायच्या यादींत तिचें नांव शोधीत बसलों. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं शेजारच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें पेटी फिरवून पाहिली व तो म्हणाला, “गुरुजी, हिच्यांत वाय-फाय नाहींच, पाठीमागें केबलचें भोंक तेवढें आहे.”

खरी गोष्ट अशी कीं, अशा बहुतेक पेट्यांत वाय-फायची सोय नसते. राऊटरच्या पाठीवर ‘लॅन’ असें लिहिलेलें भोंक असतें; तेथून इथरनेटची केबल पेटीस जोडावयाची. मग राऊटर पेटींतील मजकूर लहरींवरून मोबाईलपर्यंत पोंचवितो. मोबाईल त्याच राऊटरच्या वाय-फायवर असला म्हणजे कारखानदाराच्या ॲपमधून पेटी सांपडते. ह्या रचनेस कारण आहे. लहरींची वाट सर्वांची सामायिक असते. पेटीहि त्याच वाटेनें बोलूं लागली, तर प्रत्येक अक्षर हवेंतून दोनदां जाणार: पेटीकडून राऊटरकडे आणि राऊटरकडून मोबाईलकडे. वेग सुमारें निम्म्यावर येणार. उलट केबल शंभर मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. जेथें भिंतींतून केबल नेणें अशक्य असेल, तेथें लहरी झेलणारें दुसरें उपकरण पेटीशेजारीं ठेवून त्यापासून पेटीस वीतभर केबल द्यावी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींतून अधिक आंत शिरतात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान खऱ्या, पण भिंतीपुढें लौकर थकतात.

दुसरी चूक पत्त्याची. राऊटर घरांतील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक देतो. वीज जाऊन आली कीं तो बदलूं शकतो, आणि मोबाईल जुन्याच दारावर थापा मारीत राहतो. विजेचें जाणें-येणें आम्हां नगरकरांस नवें नाहीं. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्यें पेटीचा क्रमांक राखून ठेवावा व पेटीस यूपीएसचा आधार द्यावा. मजकूर लिहिला जात असतां वीज गेल्यास तो बिघडण्याचें भय असतें. कारखान्यांतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा आणि पेटी बाहेरच्या इंटरनेटवर उघडी टाकूं नये.

तिसरी चूक मात्र जिव्हारीं लागली. आईच्या जात्यावरच्या ओव्या मीं तिच्या अखेरच्या वर्षीं मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या पेटींत आल्यावर मीं मोबाईल निर्धास्तपणें रिकामा केला. एके रात्रीं पेटींतील जागा आवरतां आवरतां माझ्याच बोटानें त्या पुसल्या गेल्या. डिस्क दोन आहेत, एकीवर तरी असतील, अशी माझी समजूत. पण आमच्या पेटींत एक डिस्क दुसरीचें प्रतिबिंब होती. एक मोडली तर दुसरी तारते. मालकानेंच पुसलें तर दोन्ही आज्ञाधारकपणें पुसतात. त्या रात्रीं डोळ्यास डोळा लागला नाहीं. सकाळीं श्रीरामपुरास कन्येला फोन केला. दिवाळींत माहेरीं आली असतां तिनें एक प्रत आपल्या डिस्कवर नेली होती! तीवरून आईचा आवाज पुन्हां घरीं आला.

ह्याच जिल्ह्यांत, नेवाशास, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. पुढें हातोहातीं प्रती झाल्या, पाठांत चुका शिरल्या. शके १५०६ मध्यें एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. प्रती अनेक घरीं गेल्या होत्या, म्हणूनच ताडून पाहण्यास कांहीं हातीं होतें.

आमच्या ओव्यांची योग्यता ती नव्हे. तरी धडा तोच आहे. पेटी अवश्य घ्यावी, केबलनें जोडावी, वाय-फायवरून घरादारानें ऐकावी. आणि दरसाल दिवाळींत लेक सासरीं निघाली म्हणजे फराळाच्या डब्याबरोबर एक ताजी प्रत तिच्या पिशवींत घालावी.