फ्रेंच क्रियापदांचे उच्चार

'बालाघाट' हे नाव लिहिताना चार अक्षरे पडतात. बोलताना मात्र तीनच तुकडे होतात : बा-ला-घाट्. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, असे तेथील कित्येक मुलांचे झाले. 'करते' हे रूप मराठीत एकीचे, हिंदीत अनेकांचे. उच्चार दोन्हीकडे कर्-ते. एकाच ध्वनीतून एक की अनेक हे ओळखण्याची अशा मुलाला सवय असते, आणि फ्रेंच क्रियापदांपाशी नेमकी तीच कामी येते.

मराठीच्या जडणघडणीवरील ज्यूल ब्लॉक यांचा ग्रंथ १९२० साली निघाला तो फ्रेंचमध्ये. तो वाचावा म्हणून कोणी ही भाषा शिकू लागला, तर डोळ्यांचे काम लवकर भागते. कानाचे भागत नाही. 'तो बोलतो' म्हणजे 'इल् पार्ल्', आणि 'ते बोलतात' म्हणजेही 'इल् पार्ल्'! अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटी ई, एन् व टी अशी तीन अक्षरे लिहितात, पण ती मुकी. येथे संदर्भावाचून गती नाही.

क्रियापद स्वराने सुरू झाले की मात्र भेद ऐकू येतो. 'तो प्रेम करतो' याचे तुकडे इ-लेम्. 'ते प्रेम करतात' याचे इल्-झेम्. सर्वनामाच्या शेवटचा मुका एस् जागा होऊन पुढच्या स्वराला बिलगतो. हा झ मराठी 'झाडा'तल्या झच्या जवळचा; हिंदी 'झाड़ू'तला येथे चालणार नाही. शब्दाशब्दांपाशी थांबून 'इल्, एम्' असे वाचणाराने एकवचन-अनेकवचनाची ही एकमेव खूण स्वतःच पुसून टाकलेली असते. श्रोत्यांनी दोन्ही रूपे मोठ्याने म्हणून पाहावीत.

क्वचित लेखनही तुकड्यांच्या मागे जाते. 'आम्ही बोलावतो' हे नू-झा-प्लों. मधला स्वर गळतो आणि एल् हे अक्षर एकदाच लिहितात. 'तो बोलावतो' हे इ-ला-पेल्. येथे तोच स्वर स्पष्ट होतो, म्हणून एल् दुहेरी. १९९० च्या लेखनसुधारणेने अशा बहुतेक क्रियापदांना दुहेरी अक्षराऐवजी स्वरावर चिन्ह सुचविले. 'बोलावणे' आणि 'फेकणे' ही नित्य वापरातली क्रियापदे मात्र जुन्याच वळणावर राहू दिली.