विषाणू, कर्करोग आणि आपले कर्तव्य
(वार्षिक सभेतील भाषण)



कर्करोग संसर्गजन्य आहे काय, असा प्रश्न आमच्या चौकशी खिडकीपाशी वारंवार येतो. रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवण्यापर्यंत काही घरांची मजल गेलेली आम्ही पाहिली आहे. उत्तर स्पष्ट आहे : सहवासाने कर्करोग जडत नाही. मात्र काही कर्करोगांस कारणीभूत ठरणारे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हे त्याचे ठळक उदाहरण. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या गाठींत एचपीव्ही विषाणूचे १६ व १८ हे प्रकार दाखवून दिले. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. जगातील अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हेच दोन प्रकार असतात. पेशींच्या अनिर्बंध वाढीस आवर घालणारी प्रथिने हा विषाणू निकामी करतो. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या भाषेत, पेढीवरचा हिशेबतपासनीसच नाहीसा होतो आणि खात्यात चुका साचत जातात.

हा संसर्ग अत्यंत सर्वसामान्य आहे व बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. म्हणून त्यावरून कोणाही स्त्रीच्या चारित्र्याविषयी शंका घेणे हा घोर अन्याय होय. तो टिकून राहिला, तरी कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. हा अवधी हीच आपली संधी.

ती संधी साधता येते, हे आपल्याच मराठवाड्यात सिद्ध झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या गावांत एकदाच एचपीव्ही तपासणी व आवश्यक ते उपचार झाले, तेथे या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २०२३ पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही उपलब्ध झाली आहे.

देणगीदारहो, यंत्रावर नामफलक लावता येतो. टळलेल्या रोगावर तो लावता येत नाही. तरीही आपल्या देणगीचा काही अंश तपासणी व लसीकरणासाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती. आणि आप्तस्वकीयहो, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्या. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी, लस घेतली असली तरी, तपासणी चुकवू नये.