संघ त्यांचा, जीव आपला
(भंडारा येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयपीएलच्या दोन महिन्यांत आपल्या गावातल्या कुठल्याही पानठेल्यावर संध्याकाळी उभे राहा. हरलेल्या संघाच्या खेळाडूंना शिव्या बसत असतात. थोड्या वेळाने आवाज उतरतो आणि गाडी मालकावर येते. खेळाडूवरचा राग पुढच्या सामन्यापर्यंत टिकतो, मालकावरचा वर्षानुवर्षं टिकतो. या दुसऱ्या रागाबद्दल मला आज बोलायचं आहे. तो राग मला रास्त वाटतो. पण तो निघतो मात्र भलत्याच माणसावर, आणि याची मला खंत आहे.

आपल्या जिल्ह्याचाच काय, अख्ख्या विदर्भाचा आयपीएलमध्ये संघ नाही. म्हणून इथल्या पोरांनी आपापला संघ निवडून घेतला आहे. बऱ्याच जणांचा संघ मुंबई. रोहित शर्मा वाढला मुंबईकडे, पण त्याचा जन्म नागपूरचा, आणि आपल्याकडे तेवढं नातं पुरतं. त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं मिळवली. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणलं गेलं आणि १५ डिसेंबरला तो कर्णधार झाल्याचं जाहीर झालं. पत्रकात संघाच्या भविष्याची भाषा होती. रोहितला का काढलं, याचं सरळ उत्तर नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये हंगामाच्या तोंडावर पत्रकार परिषद झाली. कर्णधार बदलण्याचं कारण काय, असं विचारलं गेलं. प्रशिक्षक मार्क बाउचर माइकसमोर बसले होते, बाजूला हार्दिक. बाउचर काहीच बोलले नाहीत. ते काही क्षण मला फार महत्त्वाचे वाटतात. निर्णय घेणारे त्या टेबलावर नव्हते. टेबलावर होते ते पगारी प्रशिक्षक आणि पगारी खेळाडू, आणि लाखो लोकांच्या मनातल्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, किंवा ते द्यायची मुभा नव्हती.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पहिला सामना अहमदाबादला, तिथे हुर्यो. १ एप्रिलला घरच्या वानखेडेवर राजस्थानविरुद्ध नाणेफेक होती. समालोचक संजय मांजरेकरांनी हार्दिकचं नाव घेतलं आणि मैदान उठलं. मुंबईचा कर्णधार मुंबईतच हुर्यो झेलत उभा होता. मांजरेकरांना लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. दहा दिवसांनी बंगळूरूचा संघ तिथे आला, तेव्हा विराट कोहलीने प्रेक्षकांना हातवारे करून थांबवलं. प्रतिस्पर्धी संघातल्या माणसाला हे करावं लागलं! मुंबई त्या हंगामात १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेली.

आणि २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक त्याच हार्दिकने टाकलं. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर मिलर गेला, सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा तिथेच हार्दिकच्या नावाचा गजर झाला. त्या तीन महिन्यांत हार्दिक बदलला नव्हता. त्याच्यावर आधी जे निघालं, ते मुळात त्याच्यासाठी नव्हतंच. ते मालकासाठी होतं. पण मालक काचेआड बसतो आणि खेळाडू सीमारेषेवर उभा असतो, आवाज पोहोचतो तो त्याच्यापर्यंतच.

आता कुणी म्हणेल, मालकाचा निर्णय बरोबरही असू शकतो. अगदी मान्य. पुण्याचं उदाहरण घ्या. २०१६ आणि २०१७ अशी दोनच वर्षं पुण्याला संजीव गोएंका यांचा रायझिंग पुणे हा संघ होता. पहिल्या वर्षी धोनी कर्णधार होता, संघ आठात सातवा आला. १९ फेब्रुवारी २०१७ ला धोनीला काढून स्टीव्ह स्मिथला नेमलं. मालकांचे बंधू हर्ष गोएंका यांनी हंगाम सुरू झाल्यावर स्मिथची वाहवा करताना धोनीला खाली दाखवणारे ट्वीट केले आणि लोक खवळले. पण संघ मात्र त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला, मुंबईकडून एका धावेने हरला. म्हणजे खेळाच्या हिशेबात निर्णय चुकला असं म्हणता येणार नाही. तरी पुणेकर असो की भंडारेकर, धोनीवर जीव असलेल्या माणसाच्या मनातून तो सल गेला नाही. याच मालकांचा नंतर लखनौचा संघ झाला. ८ मे २०२४ ला हैदराबादने त्यांच्या १६५ धावा दहाव्या षटकातच, एकही गडी न गमावता पार केल्या. सामना संपल्यावर मैदानाच्या कडेलाच मालक कर्णधार के. एल. राहुलशी हातवारे करत बोलताना साऱ्या देशाने पाहिले. काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं. लोकांना ऐकायची गरजही वाटली नाही.

तेव्हा प्रश्न निर्णय बरोबर की चूक हा नाही. सासुरवाडीच्या निर्णयापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत आपण न पटलेल्या किती गोष्टी पचवतो! ज्यात आपला जीव गुंतला आहे, त्यात आपल्याला कुणी विचारत नाही, सांगतसुद्धा नाही, हे मात्र पचत नाही.

पुण्याच्या लोकांनी हे सर्वांत जास्त सोसलं आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. २०१० मध्ये सहाराने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. तोवर इतकी बोली कुणीच लावली नव्हती. पुणे वॉरियर्स तीन हंगाम खेळले, एकदाही वर आले नाहीत. मग सहारा आणि बीसीसीआयचं पैशांवरून बिनसलं. मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने हात झटकले, ऑक्टोबर २०१३ मध्ये संघ रद्द झाला. या भांडणात गहुंज्याच्या स्टेडियमवर तिकीट काढून बसणारा माणूस कुठेच नव्हता.

फुटबॉलचं तर त्याहून वाईट. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता, २०१५ मध्ये मालकांनी अंग काढून घेतलं. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ ला मैदानातून गेला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पाच वर्षांत एका शहराचे चार संघ! बालेवाडीच्या स्टँडमध्ये नव्याने गाणी रचणारी, झेंडे शिवून आणणारी पोरं होती. संघ गेल्यावर त्या झेंड्यांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. मुंबईत महिंद्रा युनायटेडचंही तेच. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. कंपन्यांच्या अडचणी मी समजू शकतो, फुटबॉलमध्ये पैसा सुटत नाही. पण संघ बंद करण्याआधी ज्यांनी तो जिवापाड जपला त्यांना बोलावून दोन शब्द सांगावेत, याला पैसा लागत नाही.

मालकाला असं वागणं परवडतं, कारण त्याचं पोट आपल्या तिकिटावर नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. त्यातला मोठा वाटा संघांमध्ये वाटला जातो. स्टेडियम रिकामं राहिलं तरी तो हप्ता चुकत नाही. शिवाय हुर्यो उडवणारासुद्धा टीव्हीवर सामना बघतच असतो, म्हणजे त्याच्या रागाचीही जाहिरात विकली जाते.

याच्या उलट आपल्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत पाहा. लाखनीकडच्या, साकोलीकडच्या मंडळींना मी काय सांगावं! मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, पटाच्या रात्री होणाऱ्या नाटकांचाही आधार गेला, आणि मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केल्यावर पक्की वाट मोकळी झाली. पटातही मालक असतोच. जोडी त्याच्याच नावाने ओळखली जाते, अमक्या गावच्या अमक्याची जोडी. पण तो दोरीजवळ उभा असतो. जोडी बिचकून रेघेबाहेर गेली, बैल दमलेला असताना पळवला, जोडी हाकणारा धुरकरी ऐनवेळी बदलला, की लोक तिथल्या तिथे त्याला बोलतात. तिथे सुटला तर आठवडी बाजारात गाठतात. पुढच्या वर्षी पटात यायचं तर त्याला याच माणसांमधून यावं लागतं. श्रीमंत असो की गरीब, जाब द्यायची जागा त्याला चुकवता येत नाही. संघाच्या मालकाला आठवडी बाजार नाही, सारी अडचण इथे आहे.

जर्मनीने अशी जागा नियमातच ठेवली आहे. तिथल्या फुटबॉल क्लबांत मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहिलं पाहिजे, म्हणजे निम्मी मतं आणि वर एक. नियमाला एक-दोन जुने अपवाद आहेत, पण एरवी बाहेरच्या धनिकाने कितीही पैसा ओतला तरी मतदानात तो वरचढ होत नाही. तिथेही कुरबुरी आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा एका गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. प्रेक्षकांनी कुठल्या खेळाडूला शिव्या घातल्या नाहीत. ते सामन्याला आले आणि मैदानात टेनिसचे चेंडू टाकू लागले. शेकडो पिवळे चेंडू हिरवळीवर पडायचे, खेळ थांबायचा, खेळाडूच ते उचलायचे, पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा चेंडू पडायचे. आठवड्यामागून आठवडे हे चाललं. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो व्यवहार सोडून दिला. राग कुणावर आहे आणि तो कुठे पोहोचवायचा, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. सभासद म्हणून त्यांच्या हातात मत असल्यामुळेच ते ठाऊक होतं, असं मला वाटतं.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा फुटबॉल क्लब २००२ मध्ये दूरच्या मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मालकांना मिळाली. समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून. नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये जुन्या मैदानाशेजारी स्वतःच्या स्टेडियमवर परतला. तो क्लब आजही समर्थकांच्या मालकीचा आहे.

आपल्याकडे मालक चुकले तरी दंड कुणाला होतो, हेही पाहिलं पाहिजे. २०१५ मध्ये लोढा समितीने सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी बाहेर काढले. कारवाई हवीच होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दोन वर्षं बिनसंघाचे राहिले ते चेन्नई आणि जयपूरचे प्रेक्षक. २०१८ मध्ये चेन्नईचा संघ परतला आणि कावेरी आंदोलनामुळे त्याचे घरचे सामने पुण्याला हलवावे लागले, तेव्हा पिवळे कपडे घातलेली माणसं खास रेल्वेगाडी करून पुण्याला आली. एवढी माया असलेल्या माणसांचं मत घेणारी एकही समिती आपल्या देशात नाही.

आता आपल्या घरचं. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. या संघाला धनिक मालक नाही, तो क्रिकेट संघटनेचा संघ आहे. शेवटचं विजेतेपद नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवरच मिळालं, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. त्यात दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातला तो विक्रम आहे. ही पोरं आपल्या शेजारची. जामठा भंडाऱ्याहून दोन-अडीच तासांत गाठता येतं. तरी आयपीएलमधला दहावा खेळाडू कोण हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांतल्या अनेकांना विदर्भाचा यश राठोड कोण हे ठाऊक नाही. जिथे आपला आवाज खरोखर ऐकू जाईल अशा मैदानावर आपण जात नाही. तरुण मित्रहो, हे मी रागाने नाही, कळकळीने सांगतो.

आणि विदर्भाला उद्या संघ मिळालाच, क्रिकेटचा, कबड्डीचा किंवा फुटबॉलचा, तर आनंदाच्या भरात एक काम विसरू नका. स्टेडियमला जमीन, पाणी, रस्ता, पोलीस बंदोबस्त हे सगळं सरकारकडून आणि पालिकेकडून जातं. ते देताना करारात आधी लिहून घ्यायला लावा की संघाचं नाव, शहर बदलायचं किंवा संघ बंद करायचा, तर समर्थकांची जाहीर सभा बोलावून कारण सांगावं लागेल. समर्थकांनी निवडलेला एक माणूस व्यवस्थापनाच्या बैठकीला बसेल. वर्षातून एकदा मालक स्वतः, त्याचा प्रतिनिधी नव्हे, लोकांसमोर उभा राहील. आपल्या आमदारांना, खासदारांना हे आत्ताच सांगून ठेवा. बोली लागून गेल्यावर सांगून उपयोग नाही, हे पुण्याने पाहिलं आहे.

माझं बोलणं इथे थांबवतो. मागच्या रांगेतल्या मुलांनी हात वर केलेले मघापासून दिसताहेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.