विद्यार्थ्याचे काम आणि त्याचे दाम



आजचा विषय आम्ही मुद्दाम या दिवसांसाठी राखून ठेवला होता. परीक्षा संपलेल्या असतात, निकाल लागावयाचे असतात, आणि गावात शेकडो तरुण मुलेमुली दोन महिने रिकामी हिंडत असतात. त्याच दोन महिन्यांत याच गावातील दुकानदार, डॉक्टर, पतपेढ्या, वाचनालये आणि नगरपालिकेच्या कचेऱ्या कामाला माणूस मिळत नाही म्हणून कुरकुरत असतात. या दोन तक्रारींची गाठ घालून द्यावी, म्हणजे विद्यार्थ्याला चार-सहा आठवड्यांचे, ठरावीक आरंभाचे व ठरावीक शेवटाचे काम द्यावे आणि त्याचा रोख मोबदला द्यावा, एवढीच आमची सूचना आहे. सूचना साधी आहे. पण ती अमलात आणू लागलो तेव्हा तिच्या पोटात किती प्रश्न आहेत हे आमच्या ध्यानात आले.

आपल्याकडे गरीब विद्यार्थ्याची सोय पूर्वी नव्हती असे नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकलेले विद्यार्थी आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांत निघतील. मंगळवारी ज्या घरी जेवावयाचे त्या घरचे पाणी भरावे, बाजारहाट करावा, धाकट्या मुलाची उजळणी घ्यावी, असा रिवाज असे. कामाचा आणि जेवणाचा हिशेब कोणी मांडीत नसे. यात दातृत्व होते, ते आम्ही नाकारीत नाही. पण भाजीत मीठ नसले तरी बोलता येत नसे, आणि काम वाढले तरी बोलता येत नसे. शिवाय ही सोय कोणत्या जातीच्या मुलाला मिळे आणि कोणत्या जातीच्या मुलाला मिळत नसे, हे या सभेत सांगावयास नकोच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा सगळा व्यवहारच पालटला. 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, आणि आपले धान्य दळणे, स्वयंपाक, शेतीचे काम हे सारे स्वतःच करीत. वसतिगृहातील पोरांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा हीच पद्धत महाविद्यालयात आली. आज अनेक विद्यापीठांतून 'कमवा व शिका' या नावाने जी योजना चालते तिचे मूळ येथे आहे. पुण्याच्या विद्यापीठाने तर तिला कर्मवीरांचेच नाव दिले आहे. भाऊरावांनी विद्यार्थ्याला काम दिले यापेक्षा, त्याला कोणाच्याही उपकाराखाली ठेवले नाही, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

याच सुमारास, किंबहुना थोडे आधी, अमेरिकेत हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने निराळ्या अंगाने हाच विचार केला होता. 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठात त्याने 27 विद्यार्थ्यांवर प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक आठवडा एक जण कारखान्यात आणि दुसरा वर्गात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखानदाराची जागा रिकामी राहत नसे आणि विद्यार्थ्यास पगार मिळे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने तर 1957 साली आपला आरंभच या पद्धतीवर केला. तेथे विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने पगारी नोकरीत असतो. या दोन्ही ठिकाणी पगार हा शिक्षणाच्या योजनेचाच एक भाग आहे. वर टाकलेली खिरापत नव्हे.

आता आपल्याकडची आजची स्थिती पाहा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे ज्याला सारे इंटर्नशिप म्हणतात ती, अभ्यासक्रमात आली आणि तिला श्रेयांक मिळू लागले. हे चांगलेच झाले. परंतु तासांची सक्ती झाली, दामाची झाली नाही. 1961 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. श्रेयांकासाठी राबणाऱ्या विद्यार्थ्याला ते संरक्षण नाही. 2024 साली केंद्र सरकारने महिना 5000 रुपयांची इंटर्नशिप योजना प्रायोगिक रूपाने सुरू केली, पण पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी तीतून वगळलेला होता. परिणाम असा, की दिवसा फुकट इंटर्नशिप करावयाची आणि खोलीचे भाडे भरण्यासाठी रात्री दुचाकीवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवावयाचे, असे विद्यार्थी आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याला फुकट काम परवडते. ज्याची नाही त्याला अनुभवही परवडत नाही.

आमचाच एक विद्यार्थी एका पेढीत सहा आठवडे जात होता. हिशेब शिकवू असे सांगून त्यास घेतले होते. सहा आठवडे त्याने खोक्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. शेवटी त्यास सही-शिक्क्याचे सुंदर प्रमाणपत्र मिळाले. पैसे द्यावे लागले असते तर त्या मालकाने पहिल्याच आठवड्यात विचार केला असता, की या पोराकडून चिठ्ठ्यांहून अधिक मोलाचे काय करून घेता येईल. काम देणाऱ्यालाही शिस्त लावण्याचे सामर्थ्य दामात असते, ते असे.

पुढे आम्ही शिक्षकांनी मिळून स्वतःच एक काम अंगावर घेतले. एका जुन्या वाचनालयात चार खोल्या भरून पुस्तके पडली होती, निम्म्यांना कसर लागलेली. सूची धड नव्हती. वर्गणी जमवून आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत अकरा विद्यार्थी लावले आणि दर कार्डास पाच रुपये ठरवले. पहिल्या आठवड्यात कार्डांचा पाऊस पडला. एक पठ्ठ्या दिवसाला नव्वद कार्डे लिही! आम्ही खूश होतो. तपासावयास बसलो तेव्हा चेहरे उतरले. मुखपृष्ठावर 'शके 1829' छापलेले पुस्तक 1829 सालचे म्हणून नोंदले होते. त्यात 78 मिळवावे लागतात हे कोणास ठाऊकच नव्हते. केशवसुत एका ठिकाणी 'क' मध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी दामले म्हणून 'द' मध्ये बसले होते. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी हे तर दोन स्वतंत्र गृहस्थ झाले होते.

मग आम्ही तासाप्रमाणे पैसे देऊ लागलो. चुका कमी झाल्या, पण कामही निम्म्यावर आले, आणि खिडकीपाशी गप्पांचा फड जमू लागला. अखेरीस तिसरी तऱ्हा काढली. दोघादोघांची जोडी करावयाची, त्यांना एक कपाट नेमून द्यावयाचे, एकाने लिहावे व दुसऱ्याने ताडून पाहावे, आणि तपासलेल्या कपाटाचे पैसे शनिवारी दोघांत समान वाटावयाचे. ही तऱ्हा लागू पडली. मुले एकमेकांच्या चुका काढू लागली, कोशात टोपणनावे धुंडाळू लागली. ज्या मुलीला वर्गात आधुनिक कवितेचा पेपर कंटाळवाणा वाटे तिने टोपणनावांची एक वहीच केली. ती वही आता वाचनालयाच्या टेबलावर असते. तीन खोल्या पूर्ण झाल्या.

येथपर्यंतची हकीकत सांगावयास आनंद वाटतो. पुढची सांगितली पाहिजे म्हणून सांगतो. वर्गणी तीन आठवड्यांत संपली. उरलेली रक्कम एका संस्थेच्या अनुदानातून यावयाची होती. तेथे कधी पावत्यांवर तिकिटे नव्हती, कधी सही करणारे रजेवर होते. पैसे हाती पडावयास पाच महिने गेले. मधल्या काळात त्या अकरांतील एकाने शुल्क भरता आले नाही म्हणून ते सत्र सोडले. आम्हांस हे फार उशिरा कळले, कारण त्याने आमच्याकडे मागितले नाही. मागावयाचा संकोच त्याला वाटला. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागताना वाटला! म्हणजे माधुकरीचे दिवस आम्ही संपवले असे आम्ही समजत होतो, आणि त्या मुलाला आम्हीच पुन्हा दारात उभे केले होते. दोष त्या संस्थेचा अर्धा. पैसे हाती नसताना कामाचा शब्द दिला हा अर्धा आमचा. तेव्हापासून सगळी रक्कम बँकेत जमा झाल्यावाचून आम्ही एकाही विद्यार्थ्यास बोलावीत नाही.

कित्येक वडीलधारे आम्हांस म्हणतात, की पोरांना इतक्या लवकर पैशाची चटक कशाला लावता? सेवाभाव नको का? अवश्य हवा. 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजनेत मुले रस्ते बांधतात, झाडे लावतात, आणि तेथे कोणी मोबदला मागत नाही. पण सेवा ही करणाऱ्याने आपल्या खुशीने करावयाची असते. ज्या कामातून दुसऱ्याचा धंदा चालतो त्यास सेवा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. आणि चटकेचे म्हणाल, तर पहिल्या शनिवारी मिळालेल्या पैशांतून बहुतेकांनी काय केले हे आम्ही विचारले होते: कोणी चप्पल घेतली, कोणी घरी पाठवले, एकाने मित्रांना मिसळ खिलवली. मिसळ खिलवणाऱ्याविषयी आमचे मत मुळीच वाईट नाही.

या सभेत दवाखाने चालवणारे आहेत, गृहरचना संस्थांचे चिटणीस आहेत, छापखानेवाले आहेत. रुग्णांचे जुने कागद लावणे, इमारतीच्या पाण्याचा महिनाभराचा हिशेब ठेवणे, मुद्रिते तपासणे, अशी कामे आपल्याकडे पडून असतील. ती सहा आठवड्यांत संपतील एवढीच घ्या. लांबलेले काम सत्रावर जाते आणि मग अभ्यास बुडतो. काय शिकवणार ते एका कागदावर लिहा, दर लिहा, आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्या. असा कागद लिहिण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस व्यासपीठाजवळ गाठावे. वाचनालयाची चौथी खोली या सुटीत उघडावयाची आहे. तिच्यासाठी रक्कम जमली आहे, सहा विद्यार्थी हवे आहेत. आणि सत्र सोडून गेलेला तो मुलगा पुढच्या वर्षी परत आला, त्या खोलीतील कामाची तपासणी त्याच्याकडे आहे.