वेताळानं राजाला विचारलं, आम्ही बायांना विचारलं

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, तव्यावरची भाकरी करपू देऊ नका, आणि ऐका. आजचा विषय आहे वेताळ. घाबरू नका, हा वेताळ हसवणारा आहे.

२०२५ च्या दिवाळीत ‘थामा’ नावाचा हिंदी सिनेमा आला. वेताळांच्या जगातली मुलगी, तिच्या प्रेमात पडलेला पत्रकार, आणि सगळा हसण्याचा मामला. दिग्दर्शक आपले मराठी, आदित्य सरपोतदार. त्याआधी २०२२ मध्ये त्यांनी ‘झोंबिवली’ काढला होता, तो तर आपल्या शेजारच्या डोंबिवलीवर. गटातल्या सुनांनी सिनेमाची गोष्ट बैठकीत रंगवून सांगितली. तेव्हा एक काकू म्हणाल्या, “यात नवं काय? १९८५ साली टीव्हीवर ‘विक्रम और बेताल’ लागायचं, तेव्हा आम्ही दुसऱ्याच्या घरी दारात बसून बघायचो.” दुसऱ्या एकीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. ती म्हणाली, “आमच्याकडे त्याला भूत म्हणू नका हं. आरवलीचा वेतोबा आमचा राखणदार आहे. त्याला या एवढाल्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री गावात फेरी मारतो, म्हणून झिजतात म्हणे.”

मग ठरलं की मूळ गोष्टीच वाचायच्या. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की एक जण ‘वेताळ पंचविशी’तली एक गोष्ट मोठ्यानं वाचणार आणि बाकीच्या ऐकणार.

या गोष्टी फार जुन्या. अंबरनाथचं आपलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. त्याच शतकात तिकडे काश्मीरमध्ये सोमदेव पंडितानं ‘कथासरित्सागर’ हा मोठा ग्रंथ रचला, त्यात या पंचवीस गोष्टी आहेत. आणि ऐका, तो ग्रंथ त्यानं सूर्यवती राणीचं मन रमावं म्हणून लिहिला. म्हणजे पहिली श्रोती बाईच. पुढे १८७० मध्ये बर्टन नावाच्या साहेबानं यातल्या काही गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला त्यांच्याकडच्या रक्तपिपासू भुताचं नाव दिलं. आपला वेताळ मात्र रक्त मागत नाही. तो प्रेतात शिरून झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर!

एक गोष्ट तीन नाजूक राण्यांची. एकीच्या अंगावर कमळ पडलं तर जखम झाली. दुसरीला चांदण्यानं फोड आले. तिसरीनं लांबून नुसता मुसळाचा आवाज ऐकला, तर तिच्या हाताला वळ उठले. वेताळ विचारतो, सगळ्यात नाजूक कोण? राजा म्हणतो, तिसरी. आमच्याकडे हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. “हिला आपल्या गिरणीत पाठवा दळण घेऊन!” “मिक्सर लावला तर गेलीच म्हणायची!” हसणं ओसरल्यावर मसाला कांडपाचं काम करणारी आमची एक सदस्य म्हणाली, “पण मुसळ धरलेल्या बाईच्या हाताचं काय झालं? ते कुणी नाही विचारलं.”

पुढच्या बैठकीत मंदारवतीची गोष्ट आली. ही प्रेमाची. एका मुलीला तीन मुलं मागणी घालतात. तिघंही म्हणतात, मला नाही दिली तर जीव देईन. बाप घाबरून कुणालाच देत नाही. मुलगी तापानं मरते. मग एक जण तिच्या राखेवर झोपडी बांधून राहतो आणि भीक मागून खातो. दुसरा तिच्या अस्थी गंगेवर नेतो. तिसरा बैरागी होऊन फिरतो आणि एका घरातून मेलेल्याला उठवायच्या मंत्राचं पुस्तक चोरून आणतो. मुलगी जिवंत होते, आणि तिघं पुन्हा भांडायला लागतात. वेताळ विचारतो, ती कुणाची बायको? राजा म्हणतो, ज्यानं जीव दिला तो बापासारखा, ज्यानं अस्थी नेल्या तो मुलासारखा, आणि जो राखेपाशी राहिला तो नवरा.

झालं, जुंपली. एक मावशी म्हणाल्या, “राजा बरोबर बोलला. सोडून गेला नाही तोच खरा.” दुसरी म्हणाली, “राखेपाशी बसून पोट भरतं का? भीक मागणाऱ्याच्या घरी चूल पेटवणार कशी?” तिसरी म्हणाली, “मंत्र चोरून आणलेला, त्याला कशी द्यायची?” एका आजींनी बापाची बाजू घेतली, “तीन पोरं जीव देतो म्हणतात, तो बिचारा काय करणार?” आणि एरवी सही करून गप्प बसणारी एक जण हळूच म्हणाली, “ती उठून बसली ना? मग ती काय म्हणाली?”

वाचणारीनं पान उलटलं. पुढे दुसरी गोष्ट सुरू होती.

आमच्या एका ताईंच्या मुलीची तेव्हा दोन स्थळं चालू होती. एक कंपनीत नोकरीला, एक शेतीवाडी असलेलं. घरात पगार आणि गुंठे यांवर बोलणं चालायचं. मुलगी एकोणीस वर्षांची, म्हणजे कायद्याचं वय झालेलं, त्यामुळे विचारायचं काही राहिलंय असं कुणाला वाटत नव्हतं. ताई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीत सांगितलं, “मी विचारलं तिला. नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय, ते झाल्याशिवाय कुणीच नको, म्हणाली. इतके दिवस ती चहा घेऊन यायची, तिच्या मनात हे आहे हे मला माहीतच नव्हतं.” त्यावरून त्यांच्या घरात आठ दिवस अबोला होता. गटातल्या दोघी मोठ्या बाया जाऊन मुलीच्या वडिलांशी बोलून आल्या. पुढे काय ठरलं ते त्यांच्या घरातलं, इथे रेडिओवर आम्ही सांगणार नाही. पण बोलणी आता मुलीसमोर होतात, एवढं नक्की.

मैत्रिणींनो, मुलीचं लग्न, सासू-सुनेचं, नवऱ्याचं, हे विषय बैठकीत सरळ काढले तर बाया खाली बघतात. कुणाचं तरी घर उघडं पडेल अशी भीती असते. मंदारवतीचं घर उघडं पडायची भीती नाही. तिच्यावर हसता येतं, भांडता येतं, आणि घरी जाताना ज्याचा त्याला विचार करता येतो.

तुमच्या गटात करून बघा. दहा मिनिटं पुरतात. वाचता येणारी एक बाई हवी, आणि एक नियम: राजाचं उत्तर लगेच वाचायचं नाही. आधी सगळ्यांनी आपलं उत्तर द्यायचं, नव्या सुनेनं पहिलं. मंदारवती उठून बसल्यावर काय म्हणाली असेल, हे आजच्या बैठकीत विचारा आणि आलेली उत्तरं गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी आम्ही ती इथे वाचून दाखवू, नाव न घेता.