फाटकावर बसलेली नटी

आजच्या पदवीधरांनो,

सिनेमा, टीव्हीवरच्या मालिका आणि त्यांतल्या नट्या हा माझ्या अभ्यासाचा विषय. स्त्रीवादाच्या अंगानं मी त्याच्याकडे बघत आले. हे कळलं की पै-पाहुण्यांत दोन प्रश्न ठरलेले असतात. "म्हणजे नुसते पिक्चरच बघायचे ना?" आणि "याचा पगार देतात?" दोन्हींचं उत्तर हो असं आहे. तिसरा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही: नट्यांमध्ये अभ्यास करण्यासारखं असतं काय?

त्याच्या उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्या नळदुर्गाच्या पलीकडे, अक्कलकोट तालुक्यात दुधनी आहे. शांता आपटे यांचा जन्म तिथला, 1916 सालचा. 1937 मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' आला, व्ही. शांताराम यांचा. त्यात त्यांनी नीरा उभी केली. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात फसवून बांधलेली ही मुलगी त्याला नवरा मानायला साफ नकार देते. आजही तो सिनेमा बघताना तिच्या मानेचा ताठा बघा. ती रडत कमी आणि जाब विचारत जास्त असते. त्या नकाराचं तेव्हा केवढं कौतुक झालं!

दोन वर्षांनी, 1939 मध्ये, याच शांताबाई पुण्यात प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसल्या. भांडण पगाराचं आणि कराराचं होतं. म्हणजे पडद्यावरची नीरा नाही म्हणाली तेव्हा कंपनीचा गल्ला भरला, आणि नीराचं काम करणारी बाई नाही म्हणाली तेव्हा तिला फाटकाबाहेर बसावं लागलं. त्या स्टुडिओच्या जागेवर आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. माझ्या मते भारतीय सिनेमाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग कुठल्याच रिळात नाही. तो त्या फाटकावर घडला.

लगेच पुढच्या वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?'. नाव वाचून वाटतं, हौशी मुलींना चार गोड सल्ले असतील. प्रत्यक्षात आत हिशेब आहे: हा धंदा चालतो कसा, भांडवल कुणाचं, राबतं कोण, नावाला भुलून येणाऱ्यांची पिळवणूक कशी होते. वय पुरतं पंचवीसही नव्हतं त्यांचं! लोक नटीच्या चारित्र्याची चर्चा करत होते आणि ही बाई तिच्या मजुरीबद्दल बोलत होती.

स्त्रीवादी चित्रपट अभ्यासात लॉरा मल्व्ही यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं. सिनेमाचा कॅमेरा पुरुषाच्या नजरेनं बाईकडे बघतो, ही त्यांची 1975 मधली मांडणी जगभर शिकवतात, मीही शिकवते. पण मला ती पुरत नाही. बाई दिसते कशी एवढंच विचारलं, तर त्या दिसण्यामागे कोण किती तास उभं होतं, कुणाच्या हाती किती पडलं, हे राहूनच जातं. शिवाय आपल्याकडे नजरेलाही जात असते.

हे शर्मिला रेगे यांनी दाखवलं. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात त्या शिकवत. 2013 साली अकाली गेल्या. लावणीवर त्यांनी 1990 नंतरच्या दशकात लिहिलं, तेव्हा विद्यापीठांत हा विषय जरा हलकाच समजत. ज्या जातींतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लावणी सांभाळली त्यांच्या वाट्याला बदनामी आली, आणि तीच लावणी सिनेमात गेली की सगळ्या घरादारानं बघायची झाली. पुढे येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. तो 2022 मध्ये आला आणि 2024 मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. येरमाळ्याहून चोराखळीकडे जाताना लावणीच्या कला केंद्रांचे फलक तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेत. घरच्यांनी मान फिरवायला लावली असेल. आता पदवी मिळाली आहे, मान सरळ ठेवायला हरकत नाही.

टीव्हीबद्दल एक सांगते. कळंब तालुक्यातल्या एका घरी मी बायकांबरोबर संध्याकाळची मालिका बघत बसले होते. 'आई कुठे काय करते!' चालू होती. लसूण सोलणं चाललेलं, कुणी नातवाला भरवत होतं. मी माझे अभ्यासातले प्रश्न काढले: नायिका अरुंधती तुम्हाला आपली वाटते का, तिनं घर सोडलं ते पटलं का. दिवसभर खुरपून आलेल्या एक मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रोज यायलीय ही. सणाला बी यायलीय. हिला सुट्टी देत्यात का न्हाई ओ?" रोजच्या मालिकेचं चित्रीकरण बारा-बारा तास चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. राबणारीला राबणारी ओळखू आली, इतकंच. माझ्या वहीत त्या रात्री तेवढं एकच वाक्य उतरलं, बाकी सगळं लसणाच्या वासाचं.

'सैराट' 2016 मध्ये आला तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेत असाल. त्यातली नायिका, अकलूजची रिंकू राजगुरू, एका रात्रीत घराघरांत पोचली. गर्दीपायी तिचं शाळेत जाणं अवघड होऊन बसलं. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि तिला किती टक्के पडले याची बातमी वाहिन्यांवर झळकली. राष्ट्रीय पुरस्कारांत जिच्या अभिनयाची दखल घेतली गेली, तिला आम्ही गणिताच्या पेपरावरून जोखत होतो. तो आकडा मी इथे मुद्दाम सांगत नाही.

आता हे सगळं, कॅमेरा आणि लोकांची नजर, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये येऊन बसलं आहे. शेताच्या बांधावर रील करणाऱ्या मुली या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांना नावं ठेवायला अख्खा गाव मोकळा असतो, त्यात मी कशाला भर घालू? मला वेगळंच कुतूहल आहे. फोन कुणाच्या नावावर आहे? पैसे आलेच तर कुणाच्या खात्यात जातात? खालच्या घाणेरड्या कमेंट रात्री एकटीनं कोण वाचतं? तुमच्यापैकी कुणी समाजशास्त्रात, मराठीत, पत्रकारितेत पुढे संशोधन करणार असेल, तर विषय शोधायला पुण्या-मुंबईला जाऊ नका.

आणि जे संशोधन वगैरे करणार नाहीत, नोकरीला लागतील, शेती बघतील, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जागा धरतील, त्यांच्यासाठीही एक काम आहे: ऐकण्याचं. जुन्या काळातल्या नटी हंसा वाडकर यांनी आपलं आयुष्य सांगितलं, पत्रकार अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं, आणि 1970 मध्ये 'सांगत्ये ऐका' पुस्तक झालं. त्याच आयुष्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला, स्मिता पाटीलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका बाईनं सांगितलं आणि दुसऱ्या कुणी नीट ऐकलं म्हणून हे झालं.

तुमच्या आजीनं जत्रेतला तंबूतला सिनेमा पाहिला असेल. तिला विचारा: कुणाबरोबर गेली होती, तिकिटाचे पैसे कुणी दिले, घरी पोरं कुणी सांभाळली, परत आल्यावर कोण काय बोललं. फोनवर रेकॉर्ड करा, पण आधी तिला विचारून. ती नको म्हणेल ते वगळा. मग एका वहीत उतरवून काढा आणि पहिल्या पानावर तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, तुमचं त्याखाली.