भडभडे डॉक्टरांच्या गावात



निसर्गोपचार आणि नवी उपचारपद्धती या विषयावरची ही परिषद मिरजेत भरते आहे, याचा सगळ्या गावाला आनंद आहे.  काल दुपारपासून प्रतिनिधी येत आहेत आणि स्वागत समितीचे स्वयंसेवक रात्रभर स्टेशनवर आहेत. कुणाला रिक्षा मिळाली नसेल, कुणाचे सामान चुकीच्या निवासात गेले असेल, तर त्याची दखल आजच घेतली जाईल.

औषधपाण्यासाठी पाहुण्यांनी मिरजेत उतरावे, हे या गावाला नवे नाही. एके काळी मिरज जंक्शनात रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ होते. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही वाटांनी रोगी येत आणि मिशन हॉस्पिटलची वाट विचारत. डॉ. विल्यम वानलेस कॅनडात जन्मले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांचे मिरजेतले रुग्णालय १८९४ मध्ये उघडले. पुढची चौतीस वर्षे त्यांनी इथे शस्त्रक्रिया केल्या, हाताखाली डॉक्टर तयार केले आणि ते डॉक्टर गावोगाव जाऊन बसले. १९२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावामागे ‘सर’ लागले होते, पण मिरज-सांगलीच्या माणसाने त्यांची आठवण ठेवली ती वानलेसवाडी या नावात. १९६२ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि दवाखान्यांचे गाव ही मिरजेची ओळख पक्की झाली.

मिरजेची दुसरी ओळख तंतुवाद्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार हे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या लढाया संपल्या आणि शिकलगारांच्या हाताला काम उरले नाही. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन सरकार यांच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी दुरुस्त करता करता नवी वाद्ये घडवायला घेतली. आज देशातले मोठे गवई मिरजेचा तंबोरा मांडीशी घेऊन बसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सतारमेकरांच्या घरांत दिवाळी झाली. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी गायक हजेरी लावतात, कारण २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे दफन याच दर्ग्याच्या आवारात झाले.

आरोग्याच्या परिषदेत तंबोऱ्याचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. मिरजेत ही दोन दालने कधी वेगळी नव्हती. आणि याच ठिकाणी भडभडे डॉक्टरांचे नाव घेतले पाहिजे, कारण ज्यांचे ऋण सगळ्या हिंदुस्थानी संगीतावर आहे त्यांना त्यांचेच गाव जवळजवळ विसरले आहे.

गोष्ट १८८० नंतरच्या वर्षांतली. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकारांचा मुलगा, विष्णू त्याचे नाव, दत्तजयंतीच्या आतषबाजीत डोळ्यांना भाजला. कुरुंदवाड मिरजेपासून फार दूर नाही, म्हणून मुलाला इथे आणले. भडभडे डॉक्टरांनी उपचार केले. दृष्टी वाचली ती थोडीच. शाळा, वाचन, परीक्षा हा मार्ग त्या मुलाला पुढे झेपणार नव्हता. चरित्रकार सांगतात की डॉक्टरांनी हे ओळखले आणि मुलाला गाणे शिकवा, असे सुचवले. मिरज दरबारात त्या वेळी गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. मुलगा त्यांच्याकडे राहिला, १८९६ पर्यंत शिकला, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बसला. विष्णू दिगंबर पलुसकर ते हेच. मिरजेत जन्मलेले विनायकबुवा पटवर्धन आणि बी. आर. देवधर हे दोघेही त्यांचेच शिष्य. पंडितजींनी शेवटचा श्वास घेतला तोही मिरजेतच, २१ ऑगस्ट १९३१ रोजी.

पलुसकरांच्या चरित्रात भडभड्यांना ओझरती जागा मिळते. पण त्यांनी केले ते या परिषदेने डोळ्यांपुढे ठेवावे, इतके मोलाचे आहे. आपले औषध कुठे थांबते हे त्यांनी ओळखले, आणि तिथे मुलाचा हात न सोडता त्याला पुढची वाट दाखवली. काढा देणारा असो की इंजेक्शन देणारा, प्रत्येकाच्या उपचाराला अशी एक हद्द असते. ती रोग्याला स्पष्ट सांगणारा माणूस दुर्मीळ.

उपचाराच्या हद्दीचे दुसरे उदाहरण म्हणजे वानलेसवाडीचे क्षय आरोग्यधाम, १९२० चे. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, दूध, सकस अन्न, म्हणजे आज ज्याला निसर्गोपचार म्हणतात तेच सारे. रोगी महिनोन् महिने राहत. काही बरे होऊन घरी जात, काही जात नसत. चाळिशीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, त्यामागून इतर औषधे आली, आणि १९५० च्या दशकात मद्रासच्या संशोधन केंद्राने क्षयाच्या रोग्यांचे दोन गट करून पाहिले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरीच राहू दिले, औषधे दोघांना सारखीच. घरच्यांचे अन्न कमी प्रतीचे होते, घरे दाटीची होती. तरीही दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. जगभरातली आरोग्यधामे ओस पडण्यामागे जी कारणे झाली, त्यांत हा निष्कर्ष मोठा होता.

मग अन्नाचे महत्त्व संपले का? झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने २०२३ मध्ये याचे उत्तर दिले. २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. निम्म्या घरांतल्या सर्वांना दर महिन्याला धान्य, डाळ, दूध पावडर मिळाली. त्या घरांतल्या इतर माणसांमध्ये क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय ४८ टक्क्यांनी. जंतू मारण्याचे काम औषधाचे, आणि घरातल्या पुढच्या माणसाला वाचवण्यात डाळ-भाताचा वाटा एवढा मोठा. वानलेसवाडीच्या दूध-अंड्यांमागची समजूत चुकीची नव्हती. तिची जागा ठरायला शंभर वर्षे लागली. आणि नव्या औषधांची बाजूही तितकीच उजळ आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमानिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन अशी चार औषधांची सहा महिन्यांची उपचारयोजना २०२४ मध्ये भारताने स्वीकारली. पूर्वी याच रोगासाठी वीस महिन्यांपर्यंत गोळ्या घ्याव्या लागत, आणि कितीतरी रोगी कंटाळून मधेच सोडून देत.

अन्न कुठे संपते आणि औषध कुठे सुरू होते, हा प्रश्न हळदीलाही आहे. शेजारच्या सांगलीची हळद आपल्या जेवणात आहे, पाहुण्यांच्या स्वागताच्या हळदीकुंकवातही आहे. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खणलेली पेवे हे या भागाचे वैभव. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच बुजवली, हे दुःख अजून ताजे आहे. जखमेवर हळद लावणे हा नवा शोध म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले काढून ते १९९७ मध्ये रद्द करवले. त्या लढाईचा अभिमान बाळगावा. पण हळदीतला कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडा उतरतो. तो उतरावा म्हणून मिरीतले पायपेरिन घालून जोरकस गोळ्या विकल्या जातात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी परदेशांत झाल्या आहेत. आमटीतली हळद आणि बाटलीतली हळद यांच्यातला हा फरक परिषदेने गावागावात पोचवावा.

भोपळ्याचेही तसेच. तंबोऱ्याचे भोपळे मिरजेला सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठच्या गावांतून येतात. ते वाळवून वाद्य घडवण्यासाठी, पोटात घालण्यासाठी नव्हेत. त्याच कुळातल्या दुधी भोपळ्याचा रस सकाळी रक्तदाबासाठी, मधुमेहासाठी घेणारे आज घरोघरी आहेत. एखादा दुधी कडू निघाला तर त्यात क्युकर्बिटॅसिन हे विष असते. उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब एकदम खाली, आणि उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात घेऊ नये, असे स्पष्ट बजावले आहे. जीभ सांगते ते ऐकावे, रस ओतून द्यावा.

मधुमेहाचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली. आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही इंजेक्शने आता मिळतात. त्यांच्याविषयी इथे तज्ज्ञ बोलतीलच, म्हणून तो विषय इथेच थांबवणे बरे.

व्यवस्थेविषयी काही निवेदने. प्रतिनिधींच्या अपेक्षित संख्येपेक्षा जास्त मंडळी आली, ही आनंदाची गोष्ट. पण त्यामुळे काहींची सोय शाळेच्या वर्गात करावी लागली. सतरंज्या आणि गाद्या आहेत, मच्छरदाण्या सर्वांना पुरल्या नाहीत. काल संध्याकाळी वीज गेली आणि जेवणाच्या पंगतीला उशीर झाला. ज्येष्ठ वैद्य मंडळींना ताटकळावे लागले, याचे समितीला फार वाईट वाटते. मंडपातल्या मागच्या रांगांना ध्वनिक्षेपक नीट ऐकू येत नाही, ते काम दुपारपर्यंत होईल. पाण्याची मात्र काळजी नसावी. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला याच मिरजेतून रेल्वेच्या वाघिणींनी कृष्णेचे पाणी गेले. त्या गावात पाहुणा तहानलेला राहणार नाही. मधुमेहींसाठी साखर नसलेला चहा वेगळ्या टेबलावर आहे आणि पथ्याचे जेवण हवे असणाऱ्यांनी सकाळीच नाव नोंदवावे.

ही परिषद उभी राहिली ती अनेकांच्या हातांनी. हळदीच्या अडत्यांनी रोख मदत केली आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी तीन दिवसांचा शिधा दिला. मंडईतल्या भाजीवाल्या बायकांनी आपापसांत वर्गणी काढून कोथिंबीर-मिरचीपासून केळीच्या पानांपर्यंत सारे पाठवले. त्यांची नावे फलकावर नाहीत, कारण त्यांनी ती लावू दिली नाहीत. औषध दुकानदारांनी प्रथमोपचार केंद्र चालवायला घेतले आहे. परिचारिका विद्यार्थिनी तीन दिवस सेवेला आहेत. मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही. दर्ग्याच्या मंडळींनी आणि शेजारच्या देवळाच्या विश्वस्तांनी मिळून वाहनतळाची जागा मोकळी करून दिली. सतारमेकरांनी व्यासपीठावरचे हे चार तंबोरे आजच्या मैफलीसाठी स्वतः जवारी लावून आणले आहेत. या सर्वांचे ऋण समिती जाहीरपणे मान्य करते.

रात्री जेवणानंतर याच मंडपात गायन आहे. उद्या सकाळी सात वाजता हरिपूरची उरलेली पेवे पाहायला बस सुटेल; जागा मर्यादित असल्याने नावे नोंदणी कक्षात द्यावीत. अध्यक्ष महोदयांनी आता दीपप्रज्वलन करून परिषदेचे उद्घाटन करावे, अशी स्वागत समितीच्या वतीने विनंती.